जुना बॉक्स मी देऊन टाकला

सूनबाई,

तू कामावरून येशील तेव्हा मी घरात नसेन. तोंडावर सांगायचा धीर होईना, म्हणून लिहून ठेवतोय.

केबल काढून डिश घ्यायची, हा हट्ट माझाच. दोन्ही बॉक्सची माहितीपत्रकं शेजारी ठेवून मी आठवडाभर ताडून पाहिली. नव्यात तिप्पट रेकॉर्डिंग मावतं, दोन चॅनेल एकदम रेकॉर्ड होतात. मी खूश! काल दुपारी केबलवाला आला, तेव्हा जुना बॉक्स मीच काढून त्याच्या हातात दिला. त्याने विचारलंही, "काका, आतलं काही ठेवायचंय का?" मी म्हटलं, "मालिकाच आहेत सगळ्या, जाऊ दे."

संध्याकाळी तू नव्या बॉक्समध्ये माझ्या लेकाची मुलाखत शोधायला लागलीस, तेव्हा कुठे मला आठवलं, ती जुन्या बॉक्समध्ये होती. गोदामाची आग विझवून आल्यावर तो बातम्यांत बोलला होता, तीच. "असेल कुठेतरी," म्हणालो. खोटं बोललो गं.

आज सकाळी केबलचं ऑफिस उघडायच्या आधीच दारात उभा होतो. परत आलेल्या बॉक्समधलं सगळं लगेच पुसून टाकतात, म्हणाले. बातम्यांच्या चॅनेलकडेही गेलो. त्यांच्याकडे इतकं जुनं काही नसतं.

तो गेल्यावर या घरात त्याचा आवाज तेवढाच उरला होता. तोही मी घालवला.

माझ्या ताईकडे जातोय. स्वयंपाक करून झाकून ठेवलाय, जेवून घे. फोन केलास तर उचलायची हिंमत होईल की नाही, माहीत नाही.

— बाबा