सिम घरात, मी दंतवैद्याकडे

आदरणीय व्याहीबुवा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (त्यासाठी पेन खाली ठेवलं, ते घरंगळून कपाटाखाली गेलं, म्हणून पुढचा मजकूर वेगळ्या शाईत आहे. गैरसमज नसावा.) आपली प्रकृती कशी आहे? साखर आटोक्यात असणारच, कारण आपल्याइतका नियमाचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. विहीणबाईंचे गुडघे जिना चढू देतात का? माझं ठीक आहे. ‘अगदी ठीक’ असं लिहायला मी घाबरतो, लिहिलं की लगेच काहीतरी दुखायला लागतं, म्हणून बऱ्यापैकी समजावं. हे लिहिताना मोबाइल पलीकडच्या खोलीत दोन उशांखाली ठेवला आहे. त्याला वाचता येतं की नाही ते मला ठाऊक नाही, पण हल्ली त्याच्यावर माझा विश्वास उरलेला नाही. का, ते सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

मागच्या महिन्यात मी बसनं उलट्या दिशेला गेलो, हे आपल्या कानावर आलंच असेल. (बस चुकीची होती, मी नाही.) शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं विचारलं, “आजोबा, राहता कुठं?” आणि घाबरल्यामुळे माझ्या तोंडून वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या घराचा पत्ता निघाला. झालं! आपल्या जावयानं, म्हणजे माझ्या चिरंजीवानं, फर्मान काढलं की बाबांनी एकट्यानं कोपऱ्यावरच्या वाण्यापलीकडे जायचं नाही आणि मोबाइल सतत खिशात ठेवायचा. सूनबाईनं तिच्या फोनमध्ये नकाशा उघडून दाखवला. त्यावर एक निळा ठिपका होता. तो मी. चौतीस वर्षं भोंगा व्हायच्या आधी कारखान्याच्या फाटकावर हजर असणारा माणूस, आणि त्याचा असा मसुराएवढा ठिपका करून ठेवलेला.

आता त्या चौतीस वर्षांत मी काय केलं, हे आपल्याला लग्नाच्या बोलणीत सांगितलं होतं, पण तेव्हा आपण जेवत होता. सायकलच्या कारखान्यात फ्रेमवर नंबर ठोकायचं काम माझं. गादीखालच्या नळीवर सात आकडे, पोलादी ठशांनी, एकेका घावात. ठशावर आकडा उलटा असतो, त्यामुळे मला उलटा आकडा सुलट्यापेक्षा लवकर वाचता येतो. शाळा सहावीत सुटली, पण एवढ्या वर्षांत एक नंबर दोनदा पडला नाही की एक आकडा तिरपा गेला नाही. (एक गेला होता, पण ती फ्रेम पुढे वेगळ्याच कारणानं भंगारात निघाली.) रस्त्यावरून आजही जुनी सायकल गेली की वाटतं, जाऊ दे तिला कुठंही, ओळख मी दिली आहे.

तर आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर एक सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं येणाऱ्या जुन्या सायकलींवर रंगाचे तीन-तीन थर असतात आणि नंबर दिसत नाही. चोरीची सायकल दारात नको म्हणून दुकानदाराला तो बघावा लागतो. एकदा मी नुसता अंगठा फिरवून सातही आकडे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “काका, रोज या हो, तुमच्यासाठी स्टूल ठेवतो.” व्याहीबुवा, निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत घरातल्यांनी मला ‘औषध घेतलं का’ याशिवाय दुसरा प्रश्न विचारल्याचं आठवत नाही. तिथं विचारतात, “काका, हा सहा की आठ?” त्या स्टुलासाठी मी काहीही करायला तयार होतो.

आणि केलं. मी असा विचार केला की मोबाइल बोलतो तो सिममुळे, म्हणजे सिम ही त्याची जीभ. सुईनं ती बाहेर काढली, चष्म्याच्या डबीत ठेवली, डबी उशाशी ठेवली, आणि दुपारी घर रिकामं झाल्यावर मोबाइल घड्याळापुरता खिशात टाकून निघालो. (मनगटी घड्याळाचा पट्टा तुटला आहे, चिरंजीवाला तीनदा सांगून झालं.) नकाशावरचा ठिपका उशाशी झोपलेला आणि मी दुकानात स्टुलावर! स्वतःच्या अकलेवर इतका खूश मी बढती मिळाली तेव्हाही झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून घरात चमत्कार सुरू झाला. ताटात सगळं मऊ यायला लागलं. भात घोटलेला, पोळी दुधात कुस्करलेली, आणि भाजी ओळखू येऊ नये इतकी शिजवलेली. चिरंजीव हळू आवाजात विचारी, “बाबा, दुखतंय का? लपवू नका.” मला वाटलं, गुडघ्याचं विचारतोय. मी म्हणे, “उठता-बसता दुखतं.” त्यावर दोघं एकमेकांकडे बघत. तिसऱ्या दिवशी सूनबाईनं मला सफरचंद किसून दिलं आणि तिचे डोळे भरून आले. माझी तर गाळणच उडाली. मला काहीतरी मोठा आजार झालाय आणि ही मंडळी सांगत नाहीयेत, अशी माझी खात्री पटली. (मृत्युपत्राचा कागदसुद्धा शोधला. त्यात विम्याची पावती आणि मुलांच्या लग्नातला आपला फोटो सापडला. आपण त्यात डोळे मिटले आहेत.)

पाचव्या दिवशी भर दुपारी सूनबाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. ऑफिसातून तशीच आली होती. माझा अंगठा एका फ्रेमवर, हातात कानस. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही इथं? मग दंतवैद्याकडे कोण बसतंय?”

उलगडा असा की दुकानासमोरच दातांचा दवाखाना आहे. दोन वर्षांपूर्वी माझी कवळी तिथंच बसवली. तेव्हा ताटकळावं लागलं म्हणून चिरंजीवानं तिथलं वायफाय माझ्या मोबाइलला जोडून दिलं होतं. मोबाइलनं ते लक्षात ठेवलं. मी स्टुलावर बसलो की हा पठ्ठ्या रस्त्यापलीकडून ओळख दाखवायचा, आणि सूनबाईच्या नकाशावर माझा ठिपका रोज दोन तास दंतवैद्याच्या दारात! तोंडात एकही दात नसलेला माणूस रोज तिथं काय करतो, या काळजीनं बिचारी झोपली नव्हती. दवाखान्यात जाऊन विचारलं तर ते म्हणाले, आजोबा आलेच नाहीत. बाहेर पडून बघते तर मी.

मी तरीही हेका सोडला नाही. म्हटलं, सिम घरी असताना त्यानं सांगितलंच कसं? तर आपल्या कन्येनं, व्याहीबुवा, माझ्या हातातल्या फ्रेमकडे बोट केलं. “घंटी काढली, गादी काढली, तर ही सायकल कुणाची ते तुम्हाला कळणार नाही का?” मी म्हटलं, “कळणार. नंबर फ्रेमवर असतो.” ती म्हणाली, “सिम म्हणजे घंटी, बाबा. फ्रेम तर खिशात घेऊन फिरताय.” अख्खं दुकान हसलं. माझ्याच धंद्यातल्या गोष्टीनं मला असं आडवं करणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं. मी मानलं तिला. आपण तिला काय शिकवलंत ते मला ठाऊक नाही, पण ठसा सरळ पडला आहे.

मग तिनं मोबाइलवर काही चिन्हं दाबली आणि पडद्यावर त्याचा स्वतःचा नंबर आला. पंधरा आकडी! सिम बदला, काढून फेका, हा नंबर तसाच राहतो म्हणे. आमचा सात आकडी होता. कुठल्या तरी कारखान्यात माझ्या जागी कुणी बसलेला असणार, त्याला मनातल्या मनात सलाम केला. नंबर मी शेवटाकडून सुरुवातीपर्यंत एका दमात म्हणून दाखवला. सूनबाई बघतच राहिली.

असो. सध्या दुकानात जाणं बंद आहे. चिरंजीव रागावला आहे. माझं काही मागणं नाही. आपली कन्या किती हुशार आहे एवढंच कळवायचं होतं. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
ठिपका

ता. क. चिरंजीव म्हणाला, “माझे सासरे म्हणाले, ‘जाऊ दे त्यांना’, तरच जाऊ देईन.” आपला शब्द तो खाली पडू देत नाही. स्टूल आठ दिवस रिकामं आहे. एक फोन केलात तर उपकार होतील.

ता. क. दुसरा. सूनबाईनं आपला मोबाइलही त्याच नकाशात घातला आहे, हे आपल्याला माहीत असेलच. नसेल तर असो. आपण सकाळी बागेत चार फेऱ्या मारता असं म्हणता. आपला ठिपका बागेच्या अलीकडे बेकरीत पाऊण तास असतो. मी मुद्दाम बघितलेलं नाही, चारच दिवस बघितलं. कुणाला बोललो नाही. फोनचं तेवढं लक्षात असू द्या.

ता. क. तिसरा. पाकीट मागायला गेलो तर सूनबाईनं पत्र हातात घेतलं आणि पहिल्यापासून वाचलं, दोन्ही ताज्या कलमांसकट. “पाऊण तास?” एवढंच विचारलं. मी खोटं बोलत नाही. ती रविवारी आपल्याकडे येते आहे. चिरंजीवाला फोन त्याच्या आधी करा. रविवारनंतर आपल्या शब्दाला या घरात किती वजन राहील, याची मला खात्री देता येत नाही.