कापसाच्या घरातला लॅपटॉप

माय, तू त्या वस्तूचं नाव कधीच घेतलं नाहीस. रानात सापाला नावानं हाक मारायची नाही, 'लांबडं' म्हणायचं, तसं तू लॅपटॉपला 'ते' म्हणायचीस. "ते बंद केलं का?" "ते कुठी ठेवलं?" "ते तापून त नाई राह्यलं न?" पुण्यातल्या एका मोठ्या ऑफिसात बसून मी इतकी वर्षं दिवसभर 'त्या'च्याबद्दलच बोलत आले आहे. फोनवर कोणी म्हणालं की लॅपटॉप गरम होतोय, तर पहिलं वाक्य म्हणायचं, "घाबरू नका." ते वाक्य आम्हाला शिकवलेलं आहे. तुलाही मी ते तेव्हा सांगितलं होतं, पण तू ऐकलं नव्हतंस.

ते साल तुला आठवत असेलच. कापसाला भाव नव्हता आणि आज ना उद्या वाढेल या आशेवर सगळं गाव कापूस घरात दाबून बसलं होतं. आपली मागची खोली आढ्यापर्यंत भरलेली, पुढच्या खोलीतही अर्ध्यावर कापूस. उरलेल्या पट्ट्यात तू, बाबा आणि मी. कापूस घरात आला की तू वेगळीच बाई व्हायचीस. चूल उठून अंगणात जायची. रॉकेलची चिमणी बंद, वीज गेली की टॉर्च. बीडी ओढणारा पाहुणा फाटकाबाहेर उभा राहायचा, मग तो तुझा सख्खा भाऊ का असेना. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आतल्या भिंतीवर, पण पौर्णिमेची मेणबत्ती बाहेर ओट्यावर. आपण उंबऱ्यात हात जोडून उभे, अर्धे आत आणि अर्धे बाहेर. शिवाय सकाळ-संध्याकाळ तू खांद्यापर्यंत हात ढिगात खुपसून बघायचीस, आत कुठं ऊब तर धरली नाही ना. "कापूस भडकत नाई पोरी, आंदरून धुमसते. धूर दिसते तवा काई उरलं नसते." तुझ्या माहेरी, तिकडे केळापूरकडे, तू लहान असताना कापसाची खोली जळाली होती एवढं मला ठाऊक होतं. तुझ्या उजव्या हाताची कातडी कोपराखाली गुळगुळीत होती, ती त्याच आगीतली. गावातली पोरं कापसाच्या ढिगावर लोळायची, तिथंच झोपायची. मला मात्र तू एकदाही झोपू दिलं नाहीस. अंगाला खाज सुटते, म्हणायचीस. खाज खरंच सुटते, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही.

अशा घरात मी तो लॅपटॉप आणला. बाभुळगावच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायची, तिथल्या सरांचा तो जुना, चांगला धोंड्यासारखा जड. पुण्याला लॅपटॉप दुरुस्तीची मदत फोनवरून देणाऱ्या ऑफिसात मुली घेणार होते, आणि फोनवरच परीक्षा होती. सर म्हणाले, "घरी घेऊन जा, उघडून-मिटून बघ, पाठ कर. पुन्हा अशी संधी यायची नाही." तुला ते ऐकवलं तेव्हा तू इतकंच म्हणालीस, "वावरात जाऊ नको बाप्पा तू आता. हेच कर." मला वाटलं, जिंकलं. पण तुझी नजर त्याच्या पोटाखालच्या जाळीवर होती, जिथून गरम वारा येत होता.

मी ओट्यावर बसून कंपन्या पाठ करायची. कोणती अमेरिकेची, कोणती जपानची, कोणत्या तैवानच्या, कोरियाची कोणती, आणि चीनच्या कंपनीनं कोणती विकत घेतली. नावं इथं लिहीत नाही, त्यातल्याच एकीचं मीठ खाऊन मी घर चालवलं आहे. तू शेजारी तूर पाखडत असायचीस. एक दिवस सूप थांबवून विचारलंस, "ह्या इतल्या कंपन्या, सगळ्याइचे कारखाने हायेत का?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की नाही, तीच तर गंमत आहे. झाकणावर नाव अमेरिकेचं असतं, जोडणारी कंपनी तैवानची, तिचा कारखाना चीनमध्ये, पडदा कोरियाचा, बॅटरी जपानची. एकाच कारखान्यातून चार नावांचे लॅपटॉप बाहेर पडतात. मला वाटलं तू चकित होशील. तुझा चेहरा पार उतरला. "म्हंजे बियान्याच्या पाकिटासारखंच झालं न हे. पाकिटावर नाव एकाचं अन् आंदर बियानं भलत्याचं. तुह्या बाबानं मांगच्या साली आनलं होतं, उगवलं का ते?" मी हसून म्हटलं, माय, इथं तसं नसतं. "मंग ह्याच्या आंदरची बॅटरी कोनाची हाये?" मी लॅपटॉप उलटा केला. बॅटरीवरचा कागद घासून पांढरा झाला होता. त्यावर एक अक्षरही उरलं नव्हतं.

आणि नेमकी त्याच सुमारास ती बातमी आली. तुला पेपर वाचून दाखवायची ती मीच. वाचता वाचता मी थांबले, पण तू माझा थांबलेला आवाजही ओळखायचीस. "वाच न. काय लिवलं हाये?" परदेशात काही लॅपटॉपच्या बॅटऱ्या आपोआप पेटल्या होत्या. झाकणावर वेगवेगळ्या कंपन्यांची नावं, आतल्या बॅटऱ्या मात्र एकाच ठिकाणच्या. लाखांनी परत मागवत होते. तू उठलीस, आत गेलीस, आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. मी डोकावून पाहिलं तर तू ढिगात हात खुपसून उभी होतीस, ती वेळ नसतानाही. मलाही भीती वाटली, पण परीक्षा जवळ आली होती आणि भिऊन भागणार नव्हतं. त्या दिवसापासून 'ते' घरात आणायचं नाही असा तुझा हुकूम झाला.

पण प्लग होता तो कापसाच्या खोलीत. लोडशेडिंगमुळं वीज कधी यायची आणि कधी जायची याला धरबंध नव्हता. एका दुपारी तू नि बाबा वावरात, अवकाळी पावसाची भुरभुर सुरू झालेली, ओट्यावर बसायची सोय नाही, आणि वीज आली. मी लॅपटॉप आतल्या पेटीवर ठेवून चार्जिंगला लावला आणि अंगणातली तूर झाकायला धावले. तू पावसात भिजत परत आलीस. दारातच थबकलीस. ढीग सरकला होता. पेटी दिसत नव्हती. भिंतीतून निघालेली काळी वायर सरळ कापसात शिरली होती.

तू बटण बंद केलंस, वायर ओढून काढलीस आणि खांद्यापर्यंत हात आत घातलास, तोच, गुळगुळीत कातडीचा. मी तुझ्या चेहऱ्याकडं बघत होते. हात काहीतरी शोधतोय आणि ते सापडू नये अशी तुझी इच्छा आहे, असा तो चेहरा होता. मग तू लॅपटॉप बाहेर काढलास. तो भाकरी उतरवल्यानंतरच्या तव्यासारखा तापला होता. तो छातीशी धरून तू पावसात पळालीस, कडुनिंबाच्या पारावर ठेवलास, परत आलीस आणि मला एक थोबाडीत दिलीस. मी चांगली नोकरीला निघालेली पोरगी. मग तू आणि बाबांनी मिळून तो सगळा कोपरा उपसला, मूठमूठ कापूस चाचपून बघितला. काही झालं नव्हतं. दोन बोंडांइतका कापूस पिवळा पडला होता, तो तू अंगणात नेऊन पाण्यात बुडवलास. संध्याकाळी चहा मी केला.

मला खात्री होती, दुसऱ्या दिवशी तू म्हणशील, वापस दे ते तुह्या सरले. मी रडायची तयारी करून ठेवली होती. तू बाबांना म्हणालीस, "निंबापावतर वायर ओढून देजा." आणि वीज आली तशी तू बाहेर आलीस, पारावर बसलीस, आणि 'ते' मांडीवर घेतलंस. शेजारी घमेल्यात रेती. चार्जिंग होईस्तोवर हललीच नाहीस. मधूनमधून पोटाखाली हात घालायचीस. लोक हसले, "काय वो, नातू खेळवून राह्यल्या काय?" तू हसली नाहीस, उठलीही नाहीस. रोज वीज येईल तेव्हा, हातातलं काम टाकून. मला परीक्षेला बसायचं होतं आणि तुझं घर जळायला नको होतं, त्यावर तुला सुचलेला हा तोडगा, असं मी समजत होते.

मग भाव न वाढताच कापूस विकला गेला. गाडी भरून यवतमाळच्या जिनिंग कारखान्यात गेली. घर झाडलं, चूल आत आली, मेणबत्ती तसबिरीखाली आली. दुसऱ्या दिवशी वीज आली आणि मी लॅपटॉप आत लावायला निघाले, तर तू हात पुढं केलास. "आन इकडे."

"कापूस त गेला न माय. आता कायले बसतं?"

तू तो मांडीवर घेतलास, पदर सारखा केलास. "मी कापसाले कवा भेली? कापूस दुसऱ्या साली पिकते." बराच वेळ तू जाळीवर बोटं फिरवत राहिलीस. "माही लहान बहीन निजली होती त्या ढिगावर. काढलं म्या तिले. पन वाचली नाई." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणालीस, "जाय. तू आंदर बस. अभ्यास कर."

मला नोकरी लागली. तू गेलीस त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. त्या बहिणीचं नाव मी तुला कधी विचारलं नाही, आणि आता सांगणारं कोणी उरलं नाही. बॅटऱ्या आता सुधारल्या आहेत. कुठल्या नावामागं कुठला कारखाना आहे हे मी झोपेतही सांगू शकते, आणि पेटण्याची शक्यता किती कमी असते हेसुद्धा. त्यानं काही फरक पडत नाही. माझी मुलगी लॅपटॉप पलंगावर, उशीशी, पांघरुणात घेऊन लोळते. मी ओरडले की म्हणते, "आई, तू तर यातली एक्स्पर्ट, तूच घाबरतेस?" ती कॉलेजच्या वयाची आहे. जवळ कापसाचं एक बोंडही नाही. उशीतला कापूस सोडला तर.

हे तुला पाठवायचं कुठं? लिहून झालं की पुसून टाकीन. सकाळी मी तिला म्हटलं, ऑफिसचं एक लांबलचक पत्र लिहायचंय, माझा लॅपटॉप बिघडलाय, तुझा दे जरा. माझा बिघडलेला नाही. ऑफिसचं कामही काही नाही. तिचा चार्जिंगला लावलाय, आणि तो पुरता चार्ज होईपर्यंत मी इथं बाल्कनीत मांडीवर घेऊन बसले आहे.