पक्ष्यांची बदली

३ मार्च
काम मिळालं! महामार्ग बांधणाऱ्या कंपनीचा पर्यावरण सल्लागार. रस्ता संरक्षित पाणथळातून जाणार, म्हणून पक्षीवाले बोंबलताहेत. त्यांची तोंडं बंद होतील असा अहवाल द्यायचा. बायकोला सांगितलं. म्हणाली, तुम्ही तर कुंडीला पाणी घालायचं विसरता. जळते, दुसरं काय!

५ मार्च, दुपारी दीड
साइट व्हिजिट. पक्षी पहाटे दिसतात म्हणे. सल्लागाराने पक्ष्यांच्या सोयीने का जायचं? जेवून गेलो. ऊन मी म्हणत होतं. डास होते म्हणून गाडीच्या काचा वरच ठेवल्या. पाहणी मात्र कसून. पक्षी शून्य. एक बगळा होता, पण तो निघण्याच्याच बेतात दिसला.

८ मार्च
घरभेदी! पक्षीवाल्यांची पुढारी निघाली आमची मेहुणी. बायकोची धाकटी बहीण, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. जेवायला आली होती. म्हणाली, भावोजी, पुराचं पाणी ही दलदल पिते म्हणून आपली घरं कोरडी राहतात. शिवाय आता विणीचा हंगाम आहे. मी मोठ्या मनाने हसलो. नात्यात सायन्स आणू नये. बायको तिला आग्रह करकरून वाढत होती. माझं ताट रिकामं.

१२ मार्च
अंघोळ करताना सुचलं. पर्यायी तळं! माणसांची बदली होते, ती मुकाट्याने बिऱ्हाड उचलतात. पक्ष्यांनाच काय धाड भरलीय? कंपनीचे साहेब खूश. गोदामामागची जागा दिली. तळाला सिमेंट, कडेने फरशी, बसायला बाक. पाटी माझ्या हस्ताक्षरात : ‘फक्त पक्ष्यांसाठी’.

२२ मार्च
तळं तयार. टँकरने भरलं. पक्षी नाहीत. नवी जागा म्हटली की बुजणारच. आपण नाही का, नव्या ऑफिसात पहिले काही दिवस डबा एकट्याने खात?

२६ मार्च
अजून नाहीत. मेहुणी म्हणाली, सिमेंटमध्ये किडे होत नाहीत, मग त्यांनी खायचं काय? बारीकसारीक चुका काढायची खोडच आहे तिला. मी झाडाला स्पीकर बांधून बदकांचे आवाज लावले. दोन कुत्री आली, पोहून गेली. म्हणजे जैवविविधतेला सुरुवात झाली. वॉचमन म्हणतो, आवाज बंद करा नाहीतर नोकरी सोडतो. नोंद घेतली.

२ एप्रिल
उद्या सरकारी समिती येणार. साहेबांचा निरोप : तळ्यावर पक्षी दिसलेच पाहिजेत. खेळण्यांच्या दुकानातून प्लास्टिकची बदकं आणून सोडली. ही फसवणूक नव्हे. खऱ्या पक्ष्यांना धीर यावा म्हणून पुढे पाठवलेले स्वयंसेवक.

३ एप्रिल
समितीच्या अध्यक्षांनी बराच वेळ दुर्बीण लावली. म्हणाले, हलत नाहीत हो. मी म्हटलं, विश्रांती घेताहेत. तेवढ्यात वारा सुटला आणि एक उलटं झालं. पोटावर लेबल : ‘पन्नास टक्के सूट’. मेहुणी म्हणाली, अय्या भावोजी, हे सेलमधून स्थलांतर करून आलंय! सगळे हसले. सर्वांत मोठ्याने बायको. ती त्या गटात कधी शिरली?

४ एप्रिल
रस्ता रद्द होणार, आणि तो माझ्यामुळे! राजीनामा खिशात घालून साहेबांकडे गेलो. ते निवांत चहा पीत होते. म्हणाले, रद्द कशाला होतोय? मंजुरी तुम्हाला नेमायच्या आधीच आली. पाणथळाच्या पलीकडच्या टोकाला भराव पडतोसुद्धा आहे. मी विचारलं, मग माझं काम काय? म्हणाले, फाइलमध्ये समितीची एक भेट आणि एक सल्लागार असावा लागतो. बसा, चहा घ्या.
घेतला.

५ एप्रिल, संध्याकाळी
पलीकडच्या टोकाला जाऊन आलो. डंपरमागून डंपर मुरूम ओतत होते. मेहुणी आणि बायको कडेला उभ्या. भांडून भांडून घसे बसलेले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मेहुणीने नुसती दुर्बीण माझ्या हातात दिली.
लव्हाळ्यात एक पक्षीण अंड्यांवर बसली होती. डंपर पार जवळ आला तरी उठेना. पंख तेवढे आणखी पसरले तिने.
कुठला पक्षी हा, मी विचारलं.
मेहुणी म्हणाली, आता कशाला, भावोजी?