कोतवालाची चाल

सेक्टर ६, भिलाई
ता. १७ जानेवारी १९६०

ती. मैनाबाईस,
कवडूचा सविनय जयभीम वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. बाबांचा खोकला बसला हे वाचून जीव थाऱ्यावर आला. तुझ्यासारखी थोरली बहीण त्यांच्याजवळ आहे म्हणून मी इथे निवांत नोकरी करू शकतो. शेवंता मजेत आहे. क्वार्टरच्या नळाची तिला अजून सवय नाही. पाणी आलं की वाट्यासुद्धा भरून ठेवते.

दिवाळीनंतरच्या गावच्या मंडईच्या जत्रेसाठी नवं नाटक पाठवतो म्हणालो होतो, ते राहिलं. कारखान्यातल्या कोकओव्हनच्या भट्टीवरून घरी आलो की डोळे चुरचुरतात, कागदाकडे पाहवत नाही. आमच्या खात्याच्या नाटकमंडळाच्या सेक्रेटरीला मी लिहिलेलं आपलं ‘काठी टाकली’ नाटक वाचून दाखवलं. बाबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि परत येऊन कोतवालकीची काठी पाटलाच्या ओट्यावर ठेवून दिली, हे त्यानं मन लावून ऐकलं. पण नंतर म्हणाला की हॉलमध्ये पंजाबी, बिहारी, तेलुगू सगळे बसतात, मराठी कोणाला कळणार. हिंदीत काहीतरी हसवणारं पाहिजे. तसलं एक नाटक त्यांनी बसवलं आणि मला चौकीदाराचं काम दिलं. बोलायला दोन-तीन वाक्यं.

तेवढ्यात काय करणार? बाबांच्या पायावरून बैलगाडीचं चाक गेल्यापासून ते डावा पाय ओढतात, तसा ओढला. बोलण्याआधी त्यांच्यासारखा खोकलो. पाटलासमोर ते तोंडावर पंजा धरत, तसा धरला. बाई, काय हसले लोक! साहेबांच्या बायका डोळे पुसत होत्या. आता गेटवर ओळख नसलेली माणसंही चौकीदारजी म्हणून हाक मारतात. एवढी नाटकं लिहिली, पण साकोलीच्या पलीकडे माझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

बाबांना जयभीम सांग. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझा
कवडू


ता. ९ फेब्रुवारी १९६०

चि. कवडूस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. इकडे सारे खुशाल.

चौकीदारजी, आता आमाले ओळख देसान का नाही? पत्र आलं तवा बाबा खाटेवर बसून होते. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. पायाचं अन् खोकल्याचं तेवढं गाळलं. कावून गाळलं ते मलेच सांगता येत नाही. लोक लय हसले एवढं ऐकून ते खूश झाले, अन् सारा मोहल्ला फिरून सांगून आले का माझा पोरगा साहेबलोकाईले हसवते.

आपल्या नाटकातला चंपत रोज येऊन विचारते, कवडूदादाचं नवं नाटक आलं का. काय सांगू त्याले? हसवणं ठीक आहे बापू, पण तू लिहिलेलं ऐकून आपले लोक घरी जाता जाता बोलत नव्हते, ते मी पाहिलं आहे. शेवंताले म्हणा वाट्या भरू नको, लोटे भर.

बाबा म्हणतात, एकदा भिलाईले येईन अन् पाहीन. लेकराईले पापे. पत्र टाकाले हात आखडू नको.

तुझी
मैना


सेक्टर ६, भिलाई
ता. २६ फेब्रुवारी १९६१

ती. मैनाबाईस,
सविनय जयभीम वि. वि.

बाबा सुखरूप पोचले असतील. ते इतक्या घाईनं का निघाले हे तू विचारून कळव.

ते आले त्याच आठवड्यात खात्याचं संमेलन होतं. या वर्षी मंडळानं माझ्यासाठी म्हणून मोठं काम ठेवलं होतं. सगळ्यांना भिणारा म्हातारा गावकोतवाल. माझी वाक्यं मीच हिंदीत लिहिली. वर्षभरात लिहिलं ते एवढंच. बाबांना पहिल्या रांगेत, साहेबांच्या बाजूला खुर्ची मिळवून दिली. खुर्चीवर बसताना त्यांनी आधी हातानं ती पुसली. तोंडावर किती आनंद होता, तुला काय सांगू.

मी स्टेजवर आलो आणि हॉल हशानं फुटला. बाबाही इकडेतिकडे पाहून हसले. मग पुढे कधीतरी त्यांचा पंजा तोंडावर गेला. पडदा पडेपर्यंत तो तिथेच होता. मी स्टेजवरून पाहत होतो, पण वाक्यं चालू होती आणि लोक हसत होते, थांबता आलं नाही.

मला कप मिळाला. बाबांनी तो हातात घेऊन पाहिला, जड आहे म्हणाले. सकाळी उठून म्हणाले की म्हशीकडे पाहायला कोणी नाही, मला गाडीत बसवून दे. भट्टी दाखवणार होतो, तीही पाहिली नाही. दुर्ग स्टेशनवर डब्यात चढताना मी हात दिला, तो त्यांनी धरला नाही. त्यांना नाटक आवडलं का, तेवढं कळव.

तुझा
कवडू


ता. १२ सप्टेंबर १९६१

चि. कवडूस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

इतके महिने जबाब दिला नाही. काय लिहावं ते समजत नव्हतं. मधल्या तुझ्या दोन्ही कार्डांत तू तेच विचारलं, म्हणून लिहून राहिली आहे.

आल्या दिवशी बाबानं पाय धुतले अन् मले विचारलं का मी खरंच तसा चालतो का. मी नाही म्हटलं. तवापासून ते पाय ओढत नाहीत. डावा पाय उचलून उचलून टाकतात. विहिरीपर्यंत जाता जाता घामाघूम होतात. खोकला आला तर उठून घरामागं जातात. लोक विचारतात तर सांगतात, पोरानं खुर्चीवर बसवलं, लय मान आहे त्याले. दुसरं काही सांगत नाहीत. रागावले नाहीत रे. रागावले असते तर मले लिहाले सोपं गेलं असतं.

दुसरं असं का, मंडईच्या दिवशी पोरं ‘काठी टाकली’ पुन्हा करून राहिले. कोतवालाचं काम तूच करावं म्हणतात. भिलाईचा नट येणार म्हणून चंपत गावोगाव सांगत फिरते. बाबाले विचारलं. नको म्हणाले नाहीत. त्या दिवशी मी लवकर निजीन, एवढंच म्हणाले. आता तू ठरव.

तुझी
मैना


सेक्टर ६, भिलाई
ता. १५ ऑक्टोबर १९६१

ती. मैनाबाईस,
सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा शेवंतानं काय लिहिलं म्हणून विचारलं. मला तिला वाचून दाखवता आलं नाही.

काम करायचं असं आधी मी मनात आणलं होतं. खोलीतच उभा राहिलो आणि त्या दिवशी बाबा काठी ठेवायला पाटलाच्या ओट्याकडे गेले तसा जाऊ लागलो. लिहिताना मी त्यांना ताठ चालवलं होतं. आता माझा पाय आपोआप ओढला जातो, आणि लोक आता हसतील म्हणून मी मधेच थांबतो. शेवंता भाकरी थापत होती, तिला खरंच हसू आलं. तिचा काय दोष?

म्हणून मी येत नाही. काम चंपतनंच करावं. बाबांची नक्कल करू नको, स्वतःच्या पायानं चाल, एवढं त्याला माझ्यातर्फे सांग. बाबांना सांग की मी नाही, तेव्हा त्यांनी खुशाल पुढे बसून पाहावं. नव्या नाटकाची वाट कोणी पाहू नये. पुढच्या संमेलनात पुन्हा कोतवालच आहे, रायपूरलाही बोलावलं आहे. नाही म्हणणार होतो. म्हटलं नाही.

तुझा
कवडू


ता. २० नोव्हेंबर १९६१

चि. कवडूस,
अनेक आशीर्वाद.

नाटक झालं. चंपतनं काठी ओट्यावर ठेवली तवा लेकरंसुद्धा चूप होते. तू येत नाही हे मी बाबाले आधीच सांगतलं होतं. तरी ते दिवस कलताच जाऊन पुढं बसले. निजले नाहीत. सारा वेळ मान वळवून मागं उभ्या असलेल्या माणसाईत पाहत होते. काठीचा प्रवेश आला तवाही मागंच पाहत होते.

नाटक सुटल्यावर मले विचारलं का कवडू आला नाही का. मी म्हटलं, सांगतलं होतं ना. तर म्हणाले, काम कराले येत नाही असं समजलो मी, पाहाले तरी येईल वाटलं. मग थोड्या वेळानं म्हणाले का तिकडच्या साहेबाईले त्याच्याबिगर करमत नसंल.

बाजूची जागा त्याईनं घोंगडी टाकून धरून ठेवली होती. मी बसाले गेली तर मले उठवलं.

शेवंताले अन् लेकराईले आशीर्वाद. तब्येतीले जप.

तुझी
मैना