पितळी चेंडूवरचे अकरावे नाव

लिहून ठेवणार: कमळाकर कोंडीराम ओव्हाळ, वय ६१, धर्म बौद्ध, धंदा पेन्शनर (टपाल खाते), राहणार कळंब, तालुका कर्जत, जिल्हा रायगड.

मला नीट दिसते, नीट ऐकू येते आणि हे मृत्युपत्र मी आपखुशीने, माझ्याच हाताने लिहीत आहे. कोणाचा धाक नाही, कोणाची फूस नाही. मन ठिकाणावर असल्याचा दाखला कर्जतच्या डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला विचारले असते तर मी दिला नसता. बुधवार, दिनांक ५ मार्चपासून मी सुन्न आहे. जेवायला बसतो आणि हात ताटातच राहतो. चंद्रभागा म्हणते, "जेवा की वो, भात गार झाला." मग मी जेवतो.

सन १९८३ मध्ये निवृत्त झालो तेव्हा केलेले मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे. का रद्द, ते कलम ५ वाचल्यावर कळेल.

कलम १. कळंब येथील माझे कौलारू घर आणि घरामागची शेताची पट्टी ही माझी स्वकष्टाची मिळकत पत्नी चंद्रभागा हिला तिच्या हयातीत मिळावी, आणि तिच्यामागे मुलगी बायजा हिला. चंद्रभागेने मला जन्मभर जे सल्ले दिले त्यांतला एक जरी मी वेळेवर ऐकला असता, तर हे मृत्युपत्र एका पानात आटोपले असते.

कलम २. सायकल जावयांना द्यावी. तिला ब्रेक नाहीत, हे त्यांना आधी सांगावे.

कलम ३. माझे अंत्यविधी त्रिशरण-पंचशील म्हणून साधेपणाने करावेत. कशेळ्याच्या मैदानावर माझ्या नावाने शोकसभा घेऊ नये. तिथे मला थोर म्हणायची लोकांना सवय लागली आहे. परवापरवापर्यंत मलाही ते गोड वाटत होते.

कलम ४. पितळी चेंडूची हकीकत. मृत्युपत्रात हकीकत लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण वस्तू कोणाची हे ठरवायचे तर ती आली कुठून हे सांगावे लागते.

सन १९५७ च्या सुरुवातीला मी कर्जत पोस्टात होतो. भिवपुरीला कामावर आलेल्या एका फ्रेंच इंजिनिअरच्या नावे पाकीट आले, ते कडेने फाटले होते. पोस्टमनने आत बघायचे नसते. मी बघितले. आत फुटबॉलचे पेपर होते. पाकीट दिले तेव्हा साहेबांना फाटल्याचे सांगितले आणि न राहवून विचारलेही. मोडक्या हिंदीत ते म्हणाले की, फ्रान्सच्या या पेपराने युरोपातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूला सोन्याचा चेंडू द्यायला सुरुवात केली आहे. निरनिराळ्या देशांचे पत्रकार मते देतात, कोणी एक शेठ ठरवत नाही. पहिला चेंडू १९५६ चा, तो इंग्लंडच्या एका खेळाडूला मिळाला, वय एकेचाळीस. आमच्याकडे एकेचाळीसाव्या वर्षी माणूस उठताना कमरेला हात लावतो.

त्याच १९५६ साली आम्ही धम्म घेतला होता. त्या दिवसांत मला कुठलीच गोष्ट अशक्य वाटत नसे. मी ठरवले, आपल्या तालुक्यातही असा चेंडू द्यायचा आणि मते घेऊन द्यायचा. रेल्वेच्या माणसांमुळे फुटबॉल आमच्या गावांत आलाच होता. भात निघाले की मोकळ्या शेतांत सामने होत. कर्जतच्या तांबटाने दोन पितळी वाट्या जोडून चेंडू करून दिला. दर साली मानकऱ्याचे नाव त्यावर कोरायचे आणि चेंडू वर्षभर त्याच्या घरी ठेवायचा, असे ठरले. १९५८ ते १९७९ अशी त्यावर बावीस नावे आहेत. पुढे क्रिकेट आले आणि टीम मोडल्या. तेव्हापासून चेंडू माझ्याकडे आहे.

फ्रान्सच्या त्या चेंडूत एक खोट होती. तो फक्त युरोपच्या माणसाला मिळे. आमचा चेंडू सुरू झाला त्याच साली ब्राझीलच्या सतरा वर्षांच्या खेळाडूने वर्ल्डकपच्या फायनलला दोन गोल केले, पण ब्राझील युरोपात नाही, म्हणून तो चेंडूच्या यादीतच बसत नव्हता. हे मला फार लागले. वेशीबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होते. म्हणून आमच्या नऊ टीमपैकी तीन डोंगरवाड्यांच्या, म्हणजे आदिवासी वस्त्यांच्या, घेतल्या आणि त्यांच्या कप्तानांना बाकीच्यांइतकेच मत दिले. या गोष्टीचा मला जन्मभर गर्व होता.

मत द्यायची रीत अशी. बऱ्याच कप्तानांना लिहिता येत नसे, म्हणून चिठ्ठ्या नव्हत्या, दाणे होते. दर उमेदवाराला एक धान्य. शाळेच्या खोलीत ताटल्या मांडायच्या, मधे अरुंद तोंडाचे मडके. कप्तानाने एकट्याने आत जायचे, आपल्या पसंतीचा एक दाणा मडक्यात टाकायचा आणि बाहेर यायचे. कोणी काय टाकले ते मरेपर्यंत बोलायचे नाही, अशी शपथ मी घ्यायला लावत असे.

या चेंडूवर माणसाचे पोट अवलंबून होते, हेही लिहिले पाहिजे. कुंभिवलीच्या बाजूला हायवेवर एक कारखाना निघाला होता, त्याची टीम होती. ते दर साली आमच्या मानकऱ्याला बोलावून कायम कामावर घेत. चेंडूवर नाव म्हणजे महिन्याचा पगार, डोक्यावर पत्रा आणि म्हातारपणी पेन्शन.

कलम ५. सन १९६८. उमेदवार तीन. माझ्या बहिणीचा, पुतळाबाईचा मुलगा पांडू, त्याला तूर. कशेळ्याचा गोलकीपर गजा, त्याला हरभरा. आणि डोंगरवाडीचा शुक्रा, त्याला वाल. शुक्राइतका चांगला खेळाडू मी डोळ्यांनी पाहिला नाही. तो अनवाणी खेळायचा आणि बॉल त्याच्या पायाला सोडून जायचाच नाही. त्या साली तोच निवडून येणार, हे पाचवीतल्या मुलींनाही ठाऊक होते.

घरात जुने वाल होते, त्यांना भुंगा लागला होता. चंद्रभागा म्हणाली, "जुनेच घ्या, मी पाखडून देते." मी म्हणालो, मताचा दाणा किडका नको. घरामागच्या पट्टीतले त्याच आठवड्यात झोडलेले नवे वाल ताटलीत ठेवले. ३ मार्चला मते झाली. मडके फोडले: तूर चार, हरभरा तीन, वाल दोन. पांडूचे नाव कोरले. जूनमध्ये पांडू कारखान्यात लागला. शुक्रा वीटभट्टीवर गेला.

आता यंदाच्या ५ मार्चची गोष्ट. डोंगरवाडीचा गोमा, जो १९६८ साली तिथल्या टीमचा कप्तान होता, बाजाराला जाताना पाणी प्यायला आमच्या ओटीवर थांबला. मी नवे वाल पाखडत होतो. सुपातून ओंजळभर काढले आणि म्हणालो, "घे रं, घरी ने." त्याने हात मागे घेतला.

"नवं झालं नाय अजून, दादा. देवाला दावल्याबिगर नवा दाना आमी घेत नाय, आन दुसऱ्याच्या भांड्यात टाकत बी नाय. शिमग्याला दावतो, मंग मोकळं."

"आसं हाय व्हय?" मी म्हणालो.

त्याने पाण्याचा तांब्या सरकवला. मग म्हणाला, "तुमाला ठाव नाय? मंग त्या साली शुक्राला नवं वाल का ठेवलं व्हतं?"

मी सूप खाली ठेवले. त्याला म्हणालो, नीट सांग. तो सांगत गेला. तिन्ही वाड्यांचे कप्तान शुक्रालाच मत द्यायला आले होते. ताटलीत नवे वाल दिसले. नवे झाले नव्हते. वाल टाकता येईना आणि काही न टाकता बाहेर येता येईना, तूर टाकावी तर पांडू येणार, म्हणून तिघांनीही, एकमेकांना न विचारता, जुना हरभरा टाकला. मडक्यातून तीनच हरभरे निघाले तेव्हा तिघांनाही एकमेकांचे कळले.

तीन हरभरे वालात धरले की वाल पाच आणि तूर चार. एवढा हिशेब करायला मला अठरा वर्षे लागली.

"तवाच का नाय बोललास?"

"मडक्यात काय टाकलं ते बोलायचं नाय, आसा कायदा तुमचाच की. आन आमाला वाटलं, तुमाला समदं ठाव हाय. तवा वीस वर्सं वाडीवर टपाल घिऊन येत व्हता, आमच्यात बसून भाकर खात व्हता. आमाला वाटलं, भाच्यासाटी केलं."

हे तो रागाने बोलला नाही. पाऊस कधी पडला हे सांगावे तसे बोलला. तीन वाड्यांतली माणसे अठरा वर्षे मला लबाड समजत होती आणि तरी मला पाणी देत होती, बसायला घोंगडी टाकत होती. मी त्यांच्या ओटीवर बसून त्यांना मतदान कसे निर्मळ असावे ते सांगत होतो. त्यांचे नवे कधी होते, हे एकदाही विचारले नाही. त्यांना मत दिले आणि त्यांच्याबद्दल काही विचारायचे राहूनच गेले. गोमा निघून गेला तरी मी ओटीवरच होतो. चंद्रभागेने येऊन खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकलो.

कलम ६. कशेळ्याचा गजा याच्याशी मी १९६८ पासून बोललेलो नाही. निकालाच्या दिवशी तो चारचौघांत म्हणाला होता, "मला तीन दानं पडूच शकत नाय. फायनलला पाच गोल खाल्लं मी. मडक्यात गडबड हाय." मी त्याला मैदानावरून हाकलले आणि पुढे तीन वर्षे त्याचे नाव उमेदवारांत येऊ दिले नाही. तो बरोबर होता. स्वतःचे तीन दाणे नाकारणारा एवढा सरळ माणूस मला पुन्हा भेटला नाही. मी त्याची माफी मागतो. ही माफी माझ्या मरणानंतर वाचली जावी असे आधी ठरवले होते, पण चंद्रभागा म्हणाली, "म्हंजी त्यानं तवर तुमच्या मरनाची वाट बघायची व्हय?" या वेळी ऐकले. काल त्याच्या घरी जाऊन आलो.

कलम ७. भाचा पांडू यास. १९८३ च्या मृत्युपत्रात पितळी चेंडू तुझ्या नावे होता, तू त्यासाठी काचेचे कपाट केलेस, हे मला माहीत आहे. शुक्रवारी मी तुझ्या कारखान्याच्या गेटवर येऊन हे सांगितले तेव्हा तू म्हणालास, "मामा, माझे चार दाणे खरे होते ना? मग अठरा वर्षांनी मला खोटा का पाडता?" तुझे चार दाणे खरेच होते. तुझी नोकरीही तू राबून टिकवलीस. तुझा काहीच दोष नाही, आणि तरी चेंडू तुझा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मलाही त्या एकत्र गिळता येत नाहीत.

कलम ८. ~~पितळी चेंडू मी डोंगरवाडीचा शुक्रा यास माझ्या मरणानंतर बक्षीस देत आहे.~~

हे कलम मी खोडले आहे, खाडाखोडीवर माझी सही आहे. खोडण्याचे कारण येणेप्रमाणे.

काल रविवारी गजाच्या घरून निघालो तो सरळ डोंगरवाडीवर गेलो. शुक्रा आता बेचाळीस वर्षांचा आहे. भट्टीवर विटांची चळत पायावर पडली, तेव्हापासून डावा पाय ओढत चालतो. त्याची बायको चिंधी दारात करंजाच्या बिया फोडत होती. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. मला वाटले होते तो चिडेल, किंवा रडेल, किंवा दादा जाऊ द्या म्हणेल. जाऊ द्या तो म्हणाला नाही.

"तुमी टपाल घिऊन यायचा तवा मी मागच्या दारानं जायचो," तो म्हणाला. "चिंधीला इचारा."

"पांडूचं नाव घासून काढायचं का त्याच्याखाली तुझं कोरायचं?" मी विचारले.

"घासा. एका सालाला दोन नावं नको."

मग मी हा कागद काढला आणि कलम ८ वाचून दाखवले. त्याने ते पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाला, "बक्षीस देतो म्हंजी तुमचं व्हतं, ते मला दिलं, आसंच ना? मंग माझं काय व्हतं?"

पस्तीस वर्षे टपाल वाटले. दुसऱ्याच्या नावावर आलेली वस्तू आपण देतो म्हणजे उपकार करत नाही, पोचवतो, हे मला कोणीतरी सांगावे लागले याची लाज वाटली.

म्हणून कलम ८ ऐवजी पुढील मजकूर वाचावा. पितळी चेंडू ही माझी मिळकत नाही, म्हणून मी तो कोणाला देऊ शकत नाही. सन १९६८ चा मानकरी शुक्रा हाच आहे. तांबटाकडे आज सकाळी पांडूचे नाव घासून शुक्राचे नाव कोरले आणि दुपारी चेंडू त्याच्या हाती पोचवला. नोकरी, पगार, पाय आणि अठरा वर्षे मला पोचवता येत नाहीत. ती माझ्याकडे बाकी राहिली, अशी नोंद असावी.

साक्षीदाराबद्दल कर्जतच्या वकिलांनी एक गोष्ट बजावली होती: ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याची साक्ष घेऊ नका, उद्या शंका निघते. मी हे शुक्राला सांगितले. तो म्हणाला, "मला ह्यातनं काय मिळतंय का?" मी म्हणालो, नाही. "मंग अंगठा कुटं करू ते दावा," तो म्हणाला.

ठिकाण: कळंब. दिनांक: १७ मार्च १९८६.

(सही) कमळाकर कोंडीराम ओव्हाळ

वरील सही आमच्या समक्ष, मजकूर वाचून दाखवल्यावर झाली.

साक्षीदार १. (सही) गजानन बाळू ऐनकर, वय ४६, धंदा दुकानदारी, राहणार कशेळे.

साक्षीदार २. (डाव्या हाताचा अंगठा) शुक्रा धोंडी पारधी, वय ४२, धंदा मजुरी, राहणार डोंगरवाडी. "धंदा फुटबॉल" असे लिहायला त्याने सांगितले होते. मजुरी मी आधीच लिहून बसलो होतो. ते "मजुरी" खोडले असे समजावे.