तात्यांच्या पेढीवरचा नवा माणूस

३ नोव्हेंबर, सोमवार

पास झालो! महारेराची एजंटची परीक्षा, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. ज्या दलालांवर इतकी वर्षं पेपरात तिरकस लेख लिहिले, त्यांच्यातच आता मी. पुरवणी बंद पडली, विनोद संपले, घरखर्च संपत नाही.

प्रश्न एवढाच — बसायचं कुणाकडे? नव्या माणसाला कुणाच्या तरी ऑफिसात बसावंच लागतं. घरं त्यांची, गिऱ्हाईकं त्यांची. आपलं फक्त सर्टिफिकेट आणि तोंड.

माया म्हणाली, "तोंड जरा जपून."

५ नोव्हेंबर

लोअर परळ. काचेचं ऑफिस. मॅनेजर प्रिती, तिशीही ओलांडली नसेल. मला सर सर म्हणत होती, पण जसं शाळेतल्या शिपायाला काका म्हणतात तसं. तुमचं नेटवर्क ग्रेट आहे म्हणाली. नेटवर्क म्हणजे आमची डिलाईल रोडची चाळ! रीडेव्हलपमेंटला कोण कंटाळलंय, कोण विकून बदलापूरला जायला तयार होईल, त्यांची नावं आणायची. नवऱ्याच्या आजारपणात पिचलेल्या सुंदराबाईंचं नाव तर तिने न विचारताच माझ्या डोक्यात आलं. स्वतःचीच भीती वाटली.

भाड्याच्या फॉर्मवर 'फूड प्रेफरन्स' असा रकाना. विचारलं, घर देताय की डबा? हसली नाही. सोसायट्या विचारतात म्हणाली.

शेजाऱ्यांना विकणार नाही, असं मनात ठरवून बाहेर पडलो. छाती जरा फुगवूनच.

८ नोव्हेंबर

फणसवाडी. जिन्याखाली तात्यांची पेढी — एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर किल्ल्या. सत्तरीचा माणूस, स्वच्छ धोतर, गिरगावातल्या भाड्याच्या खोल्या तोंडपाठ. कोण कुणाचा मेहुणा, कुठल्या गॅलरीत ऊन किती वाजता येतं, सगळं. चहा मागवला. मला अर्धं कमिशन. मुलगा कॅनडात, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी हे सगळं तुम्हीच बघायचं म्हणाले. पहिल्याच भेटीत! आमच्या संपादकाने पेन्सिलसुद्धा हिशेबाने दिली होती.

मग म्हणाले, "तांबे का? रत्नागिरीकडचे?"

हो म्हटलं.

"वा! म्हणजे आपलेच की."

रत्नागिरीकडचे आहोत हे खरंच. गावात तांब्यांच्या दोन वाड्या. वरची ब्राह्मणांची, खालची आमची, बौद्धांची. तात्यांनी कुठली ते विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आयुष्यभर शुद्ध मराठी लिहून जीभही तशीच झालीय, तिनेही मला उघडं पाडलं नाही.

घरी आल्यावर मायाने विचारलं, सांगितलंस का?

विषय निघाला नाही म्हटलं.

"निघाला होता की. रत्नागिरीपर्यंत आला होता."

१७ नोव्हेंबर

धंदा शिकतोय. तात्या कुणाबद्दल वाईट शब्द काढत नाहीत. कसलीच अट घालत नाहीत. नुसतं म्हणतात, "समजून घ्या."

पेढीच्या वरच, दुसऱ्या मजल्यावर आनंदीबाईंची खोली रिकामी आहे. बाई एकट्या, शेजारच्याच खोलीत राहतात. तात्या म्हणाले, बाई जुन्या वळणाच्या आहेत, माणसं बघून पाठवत जा, तुम्हाला वेगळं सांगायला नको. नाहीच सांगितलं. मला लगेच समजलं. समजण्यात मी पहिल्यापासून हुशार.

आजपासून फोन माझ्याकडे.

२० नोव्हेंबर

मनाली कांबळे. नर्स. हॉस्पिटल इथून चालत जायच्या अंतरावर. पगार व्यवस्थित, रात्रपाळी असते म्हणून जवळ खोली हवी. पूर्ण नाव विचारेपर्यंत मी तिला गॅलरीचं वर्णन सांगत होतो. नाव ऐकलं आणि म्हणालो, अहो, ती खोली आजच गेली.

थँक्यू सर म्हणाली. दुसरी काही आली तर सांगा म्हणाली.

तात्यांनी पेपरातून मान वर केली आणि हलवली. कौतुकाने!

हेच वाक्य आम्ही दोघांनी लग्न झाल्यावर दादरला ऐकलं होतं. तेव्हा जिना उतरल्यावर मी त्या दलालाची नक्कल करून मायाला हसवलं. आज नक्कल करायची गरज पडली नाही. तोच आवाज, घशातून आपसूक आला.

२१ नोव्हेंबर

मायाला सांगितलं नाही.

३० नोव्हेंबर

भाऊजी आज रिटायर झाले. अँटॉप हिलला क्वार्टरमध्ये जेवण होतं. डिसेंबरअखेर क्वार्टर सोडायचं. ताई आणि भाऊजी गावी जाणार, पण सम्यकचं काय? भाचा गिरगावातल्याच एका लॅबमध्ये लागलाय, सकाळी सहाची शिफ्ट. ताईने माझ्या ताटात आणखी एक वाटी खीर वाढली आणि म्हणाली, आता घरातच दलाल आहे, मला कसली काळजी!

सम्यक म्हणाला, "मामा, ब्रोकरेज घेणार का माझ्याकडून?"

सगळे हसले. मीही.

आनंदीबाईंची खोली अजून रिकामी आहे. ताईला म्हटलं, गिरगावात सध्या काही नाही गं.

५ डिसेंबर

तात्या म्हणाले, उद्या दादरच्या बाजूला फिरकू नका, फार गर्दी असते.

"हो ना," असं म्हणालो मी. हो ना! उद्या सकाळी चैत्यभूमीच्या रांगेत लोकांना पाणी द्यायला मी आणि माया उभे असणार. गेली कितीतरी वर्षं उभे असतो. तात्यांना पोट बिघडल्याचं कळवायचं ठरवलंय.

६ डिसेंबर

पाणी दिलं. पांढऱ्या कपड्यातली एक म्हातारी, नागपूरकडची, ग्लास घेताना मला 'जयभीम, दादा' म्हणाली. मी उत्तर दिलं, पण आधी मागे वळून बघितलं. गिरगावातलं कुणी नाही ना.

तिने ते पाहिलं असेल का?

१२ डिसेंबर

सम्यकने सहा ठिकाणी फोन केले. त्याचं तर नाव सांगितलं तरी पुरतं, आडनावापर्यंत जावंच लागत नाही. एकाने तोंडावर जात विचारली. सम्यक म्हणे, तो परवडला, बाकीच्यांची खोली त्याच मिनिटाला जाते.

माया माझ्याकडे बघत होती. मी डाळीत लिंबू पिळत होतो. बराच वेळ.

१५ डिसेंबर

आज बोलायचंच असं ठरवून गेलो. तात्या, मी खालच्या वाडीचा. तात्या, आनंदीबाईंच्या खोलीसाठी माझा भाचा आहे. जिन्यापर्यंत दोन्ही वाक्यं पाठ होती.

वर पाटी रंगवणारा शिडीवर. तात्यांच्या नावाखाली 'तांबे' लिहीत होता. तात्या फुटपाथवर उभे, मुलाचं लग्न ठरल्यासारखे. म्हणाले, रंग आवडला ना?

छान आहे म्हटलं.

१६ डिसेंबर

यापेक्षा खाली जाता येतं हे आज कळलं.

सम्यकला शिफ्ट सुटल्यावर फणसवाडीत बोलावलं. पेढीच्या समोर नाही, मागच्या बाजूला. खोली दाखवली, खालूनच. म्हटलं, आहे बघ, पण बाईंची जरा अट आहे. तू माझा पुतण्या म्हणून जा. तांबे सांग. काय फरक पडतो, वर्षभराचा प्रश्न आहे.

त्याने वर गॅलरीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"आणि नाव, मामा? तेही बदलू?"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच करतोय रे.

"माझ्यासाठी?" म्हणाला. बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. मला वाटलं निघाला. मीच निघालो, तात्या वाट बघत असतील म्हणून.

१७ डिसेंबर

सम्यकला दोन वेळा फोन केला. उचलला नाही. लोअर परळच्या प्रितीचा मेसेज आलाय, अजून जागा आहे म्हणून. तिथे निदान रकाना छापलेला आहे.

१८ डिसेंबर

सम्यकचा फोन. खोली मिळाली — आनंदीबाईंचीच. परवा मी वळल्यावर तो सरळ जिना चढला आणि बाईंना आपलं नाव, आडनाव, सगळं सांगून विचारलं, तुमची अट आहे म्हणतात, चालेल का? बाईंनी आधी त्याला पहाटे पाण्याला उठशील ना, ते विचारलं. मग म्हणाल्या, "अट? मी कधी घातली? महिना झाला, तात्यांकडून एक माणूस वर येत नाही. खाली फोनवर कोण नवा बसलाय म्हणे, त्याला विचार जरा."

सम्यकने मला काही विचारलं नाही.