भांडी भंगारात घातल्याची हकीकत

तीर्थरूप ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष घातला तर उठवायला माणूस लागेल). तुझी नवी कवळी एव्हाना नीट बसली असेल आणि भावोजींचा खोकला थांबला असेल, असं धरून चालतो.

पत्रास कारण भांडी. हिच्या विसरण्याला डॉक्टरीणबाईंनी अल्झायमर हे नाव दिलं, त्याच आठवड्यात मी एका मासिकात वाचलं की अशा मेंदूत ॲल्युमिनियम सापडतं. तीस वर्षं मी ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या कारखान्यात काढली आणि पोचा आलेलं प्रत्येक पातेलं घरी आणलं. म्हणजे हिला मीच दोन वेळा विष रांधायला लावलं की! ही दुपारी झोपल्यावर सगळी भांडी पोत्यात भरून भंगारवाल्याला देऊन आलो. (पुढच्या पानावर तांब्याचं आणि लोखंडाचंही नाव निघालं, म्हणून घागर आणि तवाही गेला. चिनी मातीच्या बरणीत भात शिजत नाही, हे बरणी तडकल्यावर कळलं.) तिसऱ्या दिवशी ही घामाघूम होऊन, पण खुशीत, पोतं ओढत घरी आली. "अहो, भंगारवाल्याकडे अगदी आपल्यासारखी भांडी मिळाली! पोचासुद्धा तिथेच!" बदल्यात घड्याळ देऊन आली होती. (माझं.)

शेवटी पातेलं पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि गुन्हा कबूल केला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अशा मेंदूत लोह, तांबं, जस्त यांचा तोल बिघडलेला दिसतो खरा. पण त्याने आजार होतो की आजाराने तो बिघडतो, हे अजून नक्की ठाऊक नाही. ॲल्युमिनियमवरचा आरोपही सिद्ध झालेला नाही. "काका, तुम्ही त्यांना आजारी पाडलेलं नाही. घरी जा, स्वयंपाकाला लागा." ताई, मी तिथेच रडलो. (पातेल्यात तोंड घालून. आवाज फार घुमतो.)

आता स्वयंपाक मी करतो. मी मीठ घालतो, मग ही घालते, मग आम्ही पाणी पितो. बाकी ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. ही रोज विचारते, "वन्सं बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत?" मी रोज नवं कारण देतो. आतापर्यंत तुझा पाय तीनदा मोडून झाला.

आणखी एक. नऊ वर्षांपूर्वीचं तुमचं दोघींचं भांडण ही साफ विसरली आहे. आता ते एकट्या तुझ्याकडेच उरलंय. तिथेच ठेव आणि ये.